दौंडचे कपडे शिरूरला

दयाबाईंना आडनाव नव्हतं. हजेरीपटाखाली सही करताना त्या 'दया केडगावकर' अशी करायच्या, पण ते आडनाव त्यांनी नोकरीच्या अर्जात स्वतःच लिहिलेलं होतं, कारण रकाना रिकामा ठेवून चालत नव्हतं. केडगावच्या मिशनमध्ये त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, तिथंच शिकल्या, आणि पुढं ट्रेनिंग करून दौंडच्या मराठी शाळेत मास्तरीण म्हणून आल्या. १९६१ साली मी चौथीत त्यांच्या वर्गात गेले, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती.

उंच, काटक बाई. बारीक निळ्या काठाचं पांढरं पातळ, कपाळ मोकळं, गळ्यात काही नाही. नव्या पोरी हळूच विचारायच्या, बाई विधवा आहेत का? बाईंनी लग्नच केलं नव्हतं. चर्चच्या मागं त्यांची एक खोली होती. माझे आप्पा, मारुतराव, लोकोशेडात फायरमन होते आणि आम्ही रेल्वेच्या चाळीत राहायचो. आई बाईंना मान द्यायची, रस्त्यात दिसल्या की पदर सारखा करायची, पण मला बजावून ठेवलेलं होतं, "शिकवा म्हनावं काय शिकवायचं ते. पर त्यांच्यातलं पानी पिऊ नगंस."

बाईंचा मार कुणी खाल्ला नाही. त्यांचा आवाजही कधी चढायचा नाही. पाढे मात्र पक्के करून घ्यायच्या. पाढा चुकला की त्या मुलीजवळ येऊन बसायच्या आणि तिच्याबरोबर पहिल्यापासून म्हणायच्या, जशा काही त्यांनाही तो येत नव्हता.

त्या जुलैत पुण्याच्या वरचं धरण फुटलं. पुण्यात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते पाणी पुढं मुळा-मुठेतून खाली भीमेत उतरलं आणि नदीकाठच्या किती वस्त्या घेऊन गेलं, ते फारसं कुणी सांगत नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या शाळेत ट्रकनं माणसं आणून उतरवली. अकरा घरची होती. चिखलानं माखलेली, कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या डोक्यावर नुसता पाटा. शाळेला पंधरा दिवस सुट्टी पडली. चाळीतल्या बायकांनी भाकरी थापून पाठवल्या, लोकांनी धडुती दिली. आम्ही पोरी तर हरखून गेलो होतो. रोज काहीतरी घेऊन शाळेत जायचं आणि ती माणसं बघायची.

आईनं माझा जुना परकर दिला. लिंबाच्या रंगाचा, त्यावर बारीक तांबडी फुलं. चुलीपुढं बसताना खालच्या घेराला निखारा लागून भोक पडलं होतं आणि आईनं तिथं हिरव्या खणाचं ठिगळ लावलं होतं. मला तो आखूड झाला होता. मी स्वतःच नेऊन दिला, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा त्या माणसांतल्या सात मुलींची नावं हजेरीपटावर चढली. आमच्या वर्गात धुरपदा आली. माझ्याएवढीच, नऊ-दहा वर्षांची, कानाशी भाजल्याचा डाग, आणि अंगात माझा परकर.

तिची आई गिताबाई. बाप दोन वर्षांमागं वारला होता. नदीकाठच्या एका बागायतदाराच्या कांद्याच्या वाफ्यांत गिताबाई राबायची आणि त्याच्याच शेताच्या कोपऱ्यात खोप घालून राहायची. पुरानं खोप गेली आणि शेतात कमरेएवढी वाळू बसली. महिन्याभरानं ज्यांची स्वतःची घरं होती ते पंचनामे करून, सरकारी बांबू-पत्रे घेऊन परत गेले. गिताबाईच्या खोपीखालची जमीन दुसऱ्याची. पंचनाम्यात तिचं नाव कुठंच बसेना. मालक म्हणाला, "वाळू निघंस्तवर माझंच पोट चालंना, तुला काय काम देऊ?"

त्यांना दिलेल्या शाळेच्या मागच्या खोल्या मोकळ्या करायच्या होत्या. सगळ्यांत शेवटी गिताबाई उठली, आणि स्टेशनच्या मालधक्क्यामागं भिंतीला टेकून पोत्यांचा आडोसा करून राहिली. धक्क्यावर सांडलेलं धान्य झाडून मिळायचं, इंजिनातून पडलेले कोळसे वेचून विकायचे.

बाई तिथं गेल्या होत्या. माझ्या खोलीत या, म्हणाल्या. गिताबाईनं हात जोडले.

"मास्तरीणबाई, तुमचं लई उपकार. पर तुमच्यात ऱ्हायले तर उद्या माझ्या पोरीला कोन पत्करंल?"

बाईंनी आग्रह धरला नाही. पोरीला शाळेतून काढू नका, एवढंच मागितलं. गिताबाईनं शब्द दिला, आणि तो तिनं पाळला. धुरपदा रोज यायची. मालधक्क्यावरून येताना नळावर हातपाय घासूनपुसून यायची, तरी नखांत कोळसा राहायचाच.

पहिले काही दिवस तिच्याशेजारी बसायला आमच्यात चढाओढ लागली. मग नवेपण ओसरलं. कुणी म्हणालं, हिच्या डोक्यात उवा हायत. कुणी म्हणालं, हिची आई धक्क्यावर चोऱ्या करती. धुरपदा ऐकून घ्यायची. पण सागरगोट्यांत तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पाच सागरगोटे वर उडवून पालथ्या हातावर पाचही झेलायची, आणि खेळताना तिचा चेहरा बदलून जायचा.

गणपती होऊन गेले होते. शाळाखात्याचे साहेब तपासणीला येणार म्हणून हेडमास्तरांनी सगळ्या वर्गांना 'परोपकार' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. माझा पहिला आला. हेडमास्तरांनी तो सगळ्या शाळेपुढं वाचून दाखवला. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी धुरपदाशी सागरगोटे खेळायला बसले आणि ओळीनं तीन डाव हरले. भोवती पोरींचं कोंडाळं होतं. सगळ्या हसल्या. ती पण हसली, पहिल्यांदाच मोकळेपणी.

मी म्हणाले, "जिकलीस म्हून काय झालं? अंगातला परकर माझाच हाय. ते बघ ठिगळ, माझ्या आईनं लावल्यालं."

सगळ्या पोरी वाकून ठिगळ बघायला लागल्या. धुरपदानं घेर मुठीत धरला आणि ठिगळ झाकलं.  सागरगोटे गोळा करून माझ्या हातात दिले. तेही माझेच होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात आले तर माझ्या जागेवर परकर ठेवलेला. धुतलेला, घडी घातलेला, घडीवर हात फिरवून सुरकुत्या काढलेल्या. धुरपदा आपल्या जागेवर बसली होती. आईच्या लुगड्याचा फाटका तुकडा तिनं कमरेला गुंडाळला होता, सुंभानं बांधून. त्या दिवशी ती पूर्ण वेळ बसली. बाईंनी विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरंही दिली. शाळा सुटल्यावर सगळ्यांच्या मागून गेली. त्यानंतर ती आली नाही.

परकर घरी दाखवायची माझी छाती झाली नाही. आई विचारणार. मी तो दप्तरात पुस्तकांखाली कोंबून ठेवला आणि तसाच रोज नेऊ-आणू लागले.

तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना बाई धुरपदाच्या नावाशी थांबल्या. "कुणाला काही ठाऊक आहे?"

 सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. बाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "रतन, तुझं दप्तर एवढं फुगलंय कशानं?"

मी परकर काढून दिला आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता पहिल्यांदा बाई कुणावर तरी हात उगारणार. त्यांनी तो परकर घेतला, ठिगळावरून बोट फिरवलं आणि खुर्चीत जाऊन बसल्या.  मग त्यांनी पुस्तकं मिटायला सांगितली.

"मी तुमच्यापेक्षा लहान होते," त्या म्हणाल्या. "आठ वर्षांची. शिरूरच्या बाजूला आमचं गाव होतं. त्या साली पाऊस नव्हता, आणि वरून तापाची साथ आली. घरटी माणसं मेली. आमच्या घरात चार दिवसांत आई गेली, बाप गेला, आजी गेली. मी आणि माझी धाकटी बहीण राहिलो. सोना तिचं नाव. चार वर्षांची होती. कुणीतरी सांगितलं, केडगावला मिशनच्या बाया पोरक्या पोरींना ठेवून घेतात. मी तिला घेऊन चालत निघाले."

"किती लांब, बाई?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"मोठ्या माणसाला दीड-दोन दिवसांचं. आम्हाला किती लागले ते मला सांगता येणार नाही. वाटेत एका गावात मी एका घरापुढं उभी राहिले आणि भाकरी मागितली. घरातल्या बाईनं दिली. चांगली होती ती बाई, दोन भाकरी दिल्या. पण दारात दहा माणसं बसली होती. ती त्यांना म्हणाली, 'बघा, कुनाकुनाची प्वारं पोसावी लागत्यात आमाला.' सगळे आमच्याकडं बघायला लागले. माझ्या अंगावर नीट कपडाही नव्हता. मला इतकी लाज वाटली की मी ठरवलं, आता कुणापुढं हात पसरायचा नाही."

 बाहेर वाफेचं इंजिन शंटिंग करत होतं, त्याचा आवाज ओसरल्यावर त्या पुढं सांगू लागल्या.

"त्या दोन भाकरी एका दिवसात संपल्या. पुढचे दोन दिवस वाटेत गावं लागली. घरांतून धूर दिसायचा. सोना म्हणायची, आक्का, तिथं माग ना. मी तिला म्हणायचे, पुढच्या गावात मागू. नावेनं नदी ओलांडली. नावाड्यानं फुकट सोडलं. पलीकडं एका बाभळीखाली ती बसली आणि उठेनाच. तेव्हा मात्र मी धावत एका वस्तीवर गेले. मागितली. मिळाली भाकरी. लगेच मिळाली, काही न बोलता. घेऊन आले तर सोना पडलेली होती. मी हाक मारली, भाकरी तोंडाशी धरली. ती गेलेली होती."



"मग?" मीच विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"मग ती भाकरी मी खाल्ली," बाई म्हणाल्या. "सगळी. तिच्याशेजारी बसून. मला भूक लागली होती."

त्या उठल्या. परकराची घडी घालून त्यांनी तो टेबलाच्या खणात ठेवला. "रतन, तुझा निबंध मी वाचला. अक्षर चांगलं आहे." एवढंच म्हणाल्या आणि फळ्यावर भागाकार मांडायला लागल्या. खडू तीनदा मोडला.

शाळा सुटल्यावर त्या मालधक्क्याकडं निघाल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी मला चल म्हटलं नाही, परत जा असंही म्हटलं नाही.

भिंतीमागं काही नव्हतं. चुलीचे तीन दगड काळे पडून बसले होते आणि पोत्यांच्या दोऱ्या खिळ्यांना लोंबत होत्या. भिमाजी नावाचा एक हमाल पोती रचत होता, त्याला बाईंनी विचारलं.

"उठीवलं की समद्यास्नी काल," तो म्हणाला. "धक्का मोकळा करायचा व्हता. त्या बाईला ताप भरला व्हता. हौशीराम म्हून तिचा चुलतभाऊ हाय, वीटभट्टीवर जातो. तो आला आन् घिऊन गेला दोघींला."

"कुठं?"

"घोडनदीच्या अंगाला म्हनला. नक्की न्हाई म्हाईत. भट्ट्या तर दिवाळीबिगर लागत न्हाईत. तवर कुठं ऱ्हात्याल काय ठाव."

शिरूरला तेव्हा लोक घोडनदी असंच म्हणायचे. दिवाळी झाल्यावर बाई दर रविवारी चर्चमधून निघून थेट शिरूरची एस.टी. धरू लागल्या. मी आईच्या मागं लागले. तिला सगळं सांगितलं, परकराचंही. तिनं मला एक थोबाडीत दिली, मग स्वतःच रडली. आप्पा म्हणाले, "जाऊ दे तिला बाईंसंगं. पाप तिनं केलंय, चालू दे तिलाच."

तीन रविवार वाया गेले. नदीकाठानं भट्ट्या लांबलांब पसरलेल्या. प्रत्येक ठिकाणी बाई विचारायच्या, गिताबाई म्हणून कुणी आहे का, बरोबर मुलगी. माणसं कामातून मान वर न करता नाही म्हणायची. चौथ्या रविवारी एका भट्टीवर पोरी डोक्यावरून कच्च्या विटा वाहत होत्या, त्यांतली एक थांबली.

मी तिला ओळखलं नव्हतं. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर सहा विटा, केस मातीनं तांबडे. तिनं विटा उतरवल्या, रांगेत लावल्या आणि मग बाईंपुढं येऊन उभी राहिली.

"आई गेली, बाई," ती म्हणाली. "कार्तिकात."

बाईंनी तिला जवळ घेतलं. धुरपदा रडली नाही. बाईंच्या पांढऱ्या पातळाला माती लागेल म्हणून हात अंगापासून लांब धरून उभी राहिली.

हौशीराम आला. तिशीचा, वाळलेला माणूस. त्याची स्वतःची तीन पोरं मातीत खेळत होती. बाईंनी त्याला सांगितलं, मुलीला केडगावला ठेवते, शिकवते, खर्च मिशनचा.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "तुमी चांगल्या असाल. पर उद्या भावकी मला इचारंल, पोरगी बाटाया का दिली म्हून. मी काय सांगू?"

"मग इथल्या शाळेत तरी घाला."

"आन् इटा कोन वाहनार? ह्या तिघांच्या तोंडात मी काय घालू?" तो रागानं बोलत नव्हता. खरंच विचारत होता. 

बाई आणि तो बोलत होते तेव्हा मी धुरपदाजवळ गेले. किती रविवार मी मनात घोकत होते काय म्हणायचं ते. ऐन वेळी एवढंच आलं, "धुरपदा, माझं चुकलं गं."

 तिच्या तोंडावर राग नव्हता.

"तुजाच व्हता की परकर," ती म्हणाली.

 

जायच्या वेळी ती बाईंना म्हणाली, "बाई, मला सतराचा पाढा आर्धाच येतो." बाई तिथं भट्टीच्या राखेत मांडी घालून बसल्या. सतरा एके सतरा. धुरपदा समोर बसली. हौशीरामची तिन्ही पोरं येऊन बसली, मग आणखी चार-पाच. एस.टी.ची वेळ झाली तरी बाई उठेनात. पाढा पूर्ण पाठ झाल्यावरच उठल्या.

पुढं शिमग्यापर्यंत आम्ही एक रविवार आड जात होतो. बाई पाटी-पेन्सिली घेऊन जायच्या, आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तासभर भट्टीवरच्या पोरांना शिकवायच्या. मुकादमानं आधी कटकट केली, मग स्वतःचीच पोरगी आणून बसवली. धुरपदाला आता न अडखळता वाचता येऊ लागलं होतं. विटांवर ओल्या मातीत ती काडीनं आईचं नाव लिहायची आणि वीट भट्टीत जायच्या आधी पुसून टाकायची. मुकादम ओरडायचा म्हणून.

शिमग्यानंतर मला गोवर आला आणि माझ्या दोन खेपा चुकल्या. बाई एकट्याच गेल्या. दुसऱ्या खेपेला तिथं नुसता विटांचा चुरा होता. हंगाम संपायच्या आधीच मालकानं भट्टी मोडली होती आणि हौशीराम कुठं गेला ते कुणाला सांगता येईना. कुणी बारामतीकडं म्हणालं, कुणी नगरकडं. पुढच्या दिवाळीनंतर बाईंनी पुन्हा सगळ्या भट्ट्या पालथ्या घातल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही. पोरगी आता लग्नाची झाली असेल, नवऱ्याच्या गावी गेली असेल, असं लोक सांगायचे. बाई ऐकायच्या आणि पुढच्या भट्टीकडं चालायला लागायच्या.

त्या फेऱ्यांत शिरूरच्या एका शाळेतल्या अनसाबाई नावाच्या शिक्षिकेशी त्यांची ओळख झाली होती. दोघींनी मिळून एक गोष्ट सुरू केली. दर वर्षी दिवाळीनंतर आमच्या शाळेत मुलांकडून जुने कपडे गोळा व्हायचे. बाई ते स्वतः धुवायच्या, गुंड्या लावायच्या, आणि गाठोडं बांधून शिरूरला न्यायच्या. येताना शिरूरच्या मुलांचं गाठोडं दौंडला आणायच्या. दौंडमधल्या कुठल्याही गरीब पोराच्या अंगावर दौंडमधल्या दुसऱ्या पोराचा कपडा दिसायचा नाही. हेडमास्तर म्हणायचे, "बाई, हा काय उपद्व्याप? इथले कपडे इथंच वाटले तर एस.टी.चं भाडं तरी वाचेल." बाई काही सांगायच्या नाहीत. आम्हा चौथीतल्या त्या पोरींना मात्र कळायचं. आम्ही मोठ्या वर्गांत गेलो तरी गुंड्या लावायला त्यांच्या खोलीवर जायचो. आईनं मला पाण्याबद्दल पुन्हा कधी बजावलं नाही. एकदा ती स्वतः सुई-दोरा घेऊन आली आणि बाईंच्या माठातलं पाणी प्याली. बाईंच्या ते लक्षात आलं का, मला माहीत नाही.

त्या वर्गाला सांगितलेली सोनाची गोष्ट बाईंनी नंतर कुठल्याच वर्गाला सांगितली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "त्या दिवशी सांगितली त्याचंच मला वाईट वाटतं. तुम्ही लहान होता. पण मला दुसरं काही सुचलं नाही."

अडुसष्ट साली त्या निवृत्त होऊन केडगावला राहायला गेल्या. वर्षभरातच अर्धांगाच्या झटक्यानं त्या गेल्या. मी तेव्हा पुण्याला नर्सिंगला होते. निरोप मिळाला आणि आईला घेऊन पॅसेंजरनं केडगावला उतरले, तोवर पेटी बंद झाली होती. मिशनच्या वयस्कर बायका एका बाजूला भजन गात होत्या. दौंडचे दोन-तीन मास्तर आले होते, शिरूरहून अनसाबाई आल्या होत्या. आणखीही वीस-पंचवीस बाया-माणसं होती, ज्यांना मी ओळखत नव्हते. काही जणी डोक्यावर पदर घेऊन लांब लिंबाखाली उभ्या होत्या, आत यावं का न यावं अशा.

धुरपदा तेव्हा सतरा-अठराची असणार. मी त्या लिंबाखालच्या बायकांकडं गेले आणि एकेकीच्या कानाशी भाजल्याचा डाग शोधत राहिले. त्यांतल्या एकीनं अवघडून पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "काय बगता, ताई?"

"काही नाही," मी म्हणाले. "कुठून आलात?"

"घोडनदीस्नं. आमी भट्टीवरच्या. ह्या बाईंनी आमाला पाढं शिकवलं व्हतं."

धुरपदाचं नाव मी त्यांना विचारलं. त्यांना आठवत नव्हतं. तिथं पोरी पुष्कळ होत्या, म्हणाल्या. मग पेटी उचलली गेली, आणि त्या बायका माझ्यासोबत, जरा मागं राहून, मातीपर्यंत चालत आल्या.